दरवर्षी त्याच जागी पोट काढणारी दगडी भिंत: निदान आणि दुरुस्ती

तक्रार नेहमी एकाच साच्यातली असते. चार फुटांची कोरड्या रचाईची भिंत, म्हणजे सिमेंट, चुना, माती काहीही न घालता नुसते दगडावर दगड बसवलेली. बांधलेली असते दिवाळीनंतर किंवा भर उन्हाळ्यात. मिरगाचा पहिला पाऊस ती आरामात काढते. जुलैअखेर सलग दोन-तीन दिवस झड लागली की जमिनीपासून दीड-दोन फुटांवर दगड बाहेर यायला लागतात. पोळ्याच्या आसपास तेवढाच आठ-दहा फुटांचा तुकडा खाली बसतो, बाकीची भिंत जशीच्या तशी. मग तेच दगड उचलून तीच जागा भरली जाते आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तिथंच.

"भाऊ, या खेपेस तं मोठमोठे गोटे लावले, तरी काहून पडली?" हिंगणा, कळमेश्वर, काटोल रोड या नागपूरच्या पश्चिमेकडच्या पट्ट्यातून हा प्रश्न पावसाळ्यानंतर हमखास येतो. विचारणारे बहुतेक जण कुठल्यातरी शिबिरात दोन दिवस शिकलेले असतात, नाहीतर इंग्लंडातल्या भिंतींचे व्हिडिओ बघून हात बसवलेला असतो. त्यांची बाहेरची रचाई पाहिली तर नाव ठेवायला जागा नसते. गोम तिथंच आहे. भिंत पडते एका जागी आणि बिघडलेली असते दुसऱ्याच जागी: पोटात, पाठीमागे किंवा पायाखाली. पडलेला तुकडा वरून भरून घेतला की तो बिघाड पुढच्या वर्षासाठी तसाच राखून ठेवला जातो. म्हणून खाली रचण्याइतकंच, किंबहुना थोडं जास्तच, उतरवण्याबद्दल लिहिलं आहे.

हात लावण्याआधी मोजा

कोरडी भिंत हलतेच. पहिल्या पावसाळ्यात ती थोडी दबते, दगड एकमेकांत आणखी घट्ट बसतात. वरचा थर अर्धा-पाऊण इंच खाली आला तर घाबरण्यासारखं काही नाही. पोट सुटणं वेगळं. गवंड्याची पाच फुटी ॲल्युमिनियमची पट्टी भिंतीच्या तोंडावर उभी टेकवा. ढाळ, म्हणजे तोंडाचा वर जाताना आत झुकणारा कल, नीट असेल तर पट्टी खालपासून वरपर्यंत बऱ्याच दगडांना टेकते. मधल्या एकाच जागी टेकून वर-खाली डुलत असेल तर पोट आलं आहे. दोन्ही टोकांना सारखी फट ठेवून ती मोजा, दगडावर ऑइल पेंटनं खूण करा, तारीख टाका. प्रत्येक झडीनंतर पुन्हा मोजा.

माझा ठोकताळा असा: फट एक इंचापर्यंत असेल आणि अख्ख्या पावसाळ्यात वाढली नसेल तर भिंतीला हात लावू नका. दोन इंचांच्या पुढे गेली, किंवा कमी असूनही दर पावसागणिक वाढत असेल, तर ती उतरवायचीच, पण पावसाळा संपल्यावर. ओल्या मातीला टेकलेली भिंत मधूनच काढायला गेलात तर मागचा सगळा भार अंगावर येईल. तोवर खालच्या बाजूला कोणी बसणार-उठणार नाही, शेळ्या बांधल्या जाणार नाहीत, एवढं पाहा. लोक बल्ल्यांचे टेकू लावतात. त्याचा फारसा उपयोग होत नाही, कारण बल्ली एका दगडाला दाबते आणि शेजारचे चार मोकळेच राहतात.

दुसरी पाहणी पाऊस सुरू असतानाच करायची, छत्री घेऊन, जरा लांब उभं राहून. सांध्यांतून स्वच्छ पाणी झिरपत असेल तर भिंत आपलं काम करते आहे. पाणी गढूळ येत असेल तर आतली किंवा मागची माती वाहून चालली आहे आणि आत पोकळी होते आहे. मागचं वावर पचपचीत झालं आहे, पाय रुततो आहे, आणि भिंतीचं तोंड मात्र कोरडं ठणठणीत, हा प्रकार सगळ्यात वाईट. पाणी आत अडलं आहे. अशी भिंत पोट न दाखवताही एका रात्रीत जाते.

उतरवणं

हे काम दिवाळी ते फेब्रुवारी या काळातलं. मे महिन्यात मजूर मोकळे असतात म्हणून तेव्हा काढतात, पण मे का टाळायचा ते काळ्या मातीच्या ओघात येईलच.

पडलेल्या भागाच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन फूट जास्त उतरवा आणि टोकं पायऱ्या-पायऱ्यांनी सोडा, म्हणजे नवं काम जुन्यात गुंतवता येतं. सरळ उभी कड ठेवली तर पायापासून माथ्यापर्यंत एकच उभा सांधा तयार होतो आणि पुढच्या वेळी भिंत तिथूनच उकलते. बऱ्याच ठिकाणी "दरवर्षी तेवढाच तुकडा पडतो" याचं अर्धं उत्तर हेच असतं: पहिल्या दुरुस्तीत दोन्ही बाजूंना सरळ कडा सोडलेल्या असतात.

दगड काढून बुडाशी टाकत जाऊ नका. भिंतीलगत दोन-अडीच फुटांची वाट मोकळी ठेवा. माथ्यावरचे टोपीचे दगड सगळ्यात लांब, त्याच्या अलीकडे तोंडाचे दगड, लांबोडके दगड वेगळे, चिपांचा, म्हणजे पोटात भरायच्या बारीक दगडांचा ढीग वेगळा, आणि माती निघाली तर ती पार बाजूला. मातीचा ढीग मुद्दाम नजरेसमोर ठेवा. त्याचा आकारच पुष्कळ काही सांगतो.

सापा-विंचवांचं भान ठेवा. अशा भिंतीत घोणस, नाग, विंचू हिवाळ्यात सुस्त पडून असतात. फटीत हात घालून चाचपडायचं नाही. सब्बलीनं दगड आधी हलवायचा, मागं काय आहे ते पाहायचं, मग उचलायचा. चामडी हातमोजे, जाड बूट आणि दगड फोडताना चष्मा. काळ्या पाषाणाची कपची फार धारदार निघते आणि डोळ्याच्याच दिशेनं येते.

थांबायचं कुठं? पोट दिसत होतं त्याच्या खाली सलग दोन थर असे लागले पाहिजेत की ज्यावर उभं राहिलं तरी दगड डुलत नाही आणि ज्यांच्या मधला भरणा घट्ट आहे. बहुतेक वेळा त्यासाठी पायापर्यंत जावं लागतं. लोकांच्या जिवावर येतं ते इथं. चांगले दिसणारे खालचे थर का काढायचे, असं वाटतं. पण वरच्या दगडांनी तोल सोडला तो खालचा दगड फिरला म्हणूनच.

पोटात काय निघालं?

अशी भिंत म्हणजे दोन तोंडं आणि मधली जागा. दोन्ही तोंडं थोडी आत कललेली, म्हणजे ढाळ दिलेली. मधल्या जागेत चिपा, कपच्या, मूठभर ते दोन मुठींएवढे फुटके दगड हातानं बसवलेले. हा भरणा तोंडाच्या दगडाला मागून धरून ठेवतो. तो ढिला पडला की तोंडाचा दगड मागे झुकतो, त्याचं पुढचं टोक वर उचललं जातं आणि वरचा दगड घसरून बाहेर येतो. पोट सुटायला सुरुवात होते ती अशी.

उतरवताना मधोमध माती किंवा मुरूम निघाला तर शोध जवळपास संपलाच. आपल्याकडे सर्वाधिक दिसणारं कारण हेच. संध्याकाळ होते, चिपा संपतात, आणि कोणीतरी घमेलंभर मुरूम ओतून थर "लेव्हल" करतं. वरून अगदी छान दिसतं. पाऊस लागला की बारीक कण खाली सरकतात, वर पोकळी उरते, आणि खाली साचलेला गाळ पाणी धरून ठेवतो. मुरमाच्या जागी काळी माती असेल तर ती ओली झाल्यावर फुगते आणि दोन्ही तोंडांना आतून बाहेर ढकलते. उन्हाळ्यात आकसते, पण ढकलले गेलेले दगड मागे येत नाहीत. पुढच्या वर्षी आणखी थोडं. अशा भिंतीचं पोट वर्षागणिक वाढतं ते यामुळे.

दुसरी पाहणी दगडाच्या लांबीची. तोंडाचा प्रत्येक दगड काढताना पाहा की त्याची लांब बाजू भिंतीच्या आत गेली होती की तोंडाला समांतर होती. हौशी रचाईत मोठा, चपटा, देखणा दगड लांबीनं बाहेर दाखवायचा मोह फार असतो. दोन फुटांचा दगड तोंडावर दिसतो, पण आत असतो जेमतेम सहा इंच. त्याला मागून धरायला काहीच नसतं. तोच दगड फिरवून दोन फूट आत घातला तर तोंडावर त्याचं सहा इंचांचं टोकच दिसेल आणि पाहुणे कौतुक करणार नाहीत, पण तो हलणार नाही.

इथं आपल्या दगडाचा स्वभावही सांगायला हवा. नागपूर दख्खनच्या लाव्हा-खडकाच्या पूर्व काठावर आहे. सीताबर्डीच्या टेकडीपासून पश्चिमेला हिंगणा, काटोलपर्यंत काळा पाषाण, पूर्वेकडे जुना पट्टेरी नीस खडक, आणि कामठीच्या बाजूला वाळूखडक. ज्या व्हिडिओंवरून लोक शिकतात ते बहुतेक कॉट्सवोल्ड्सच्या चुनखडकाचे किंवा यॉर्कशरच्या वाळूखडकाचे. तो दगड थराथरानं निघतो, वर-खाली सपाट तळ आयताच मिळतो. आपला काळा दगड हवा-पाण्यानं झिजताना कोपरे गमावतो आणि गोल होत जातो. शेतातून वेचलेला गोटा त्यामुळे अंडाकृती असतो आणि दोन गोटे एकमेकांना एका ठिपक्यावरच टेकतात. दाब आला की फिरतात. मोठे गोटे लावूनही भिंत पडते त्याचं कारण हेच: मोठा गोल दगड लहान गोल दगडाइतकाच फिरतो, फक्त फिरताना जास्त नुकसान करतो.

उपाय म्हणजे घण. गोटा मधून फोडला की दोन ताजे, खडबडीत, बऱ्यापैकी सपाट तळ मिळतात आणि उडालेल्या कपच्या पोटात भरायला कामी येतात. न फोडलेले गोटे पायात किंवा माथ्यावर चालतील, मधल्या थरांत नकोत. पैसे खर्चायची तयारी असेल तर खाणीतला डबर मागवा. तो कोनेदार असतो आणि रचायला निम्मा त्रास.

आता आरपार दगडांबद्दल. दोन्ही तोंडांना शिवणारा, भिंतीच्या पूर्ण जाडीचा दगड अर्ध्या उंचीवर, साधारण दर तीन फुटांवर एक, असा नियम आहे. तो नसेल तर दोन तोंडं म्हणजे शेजारी उभ्या असलेल्या दोन बारीक भिंती. पडलेल्या तुकड्यात असा दगड किती वेळा सापडतो? क्वचितच. कारण काळ्या पाषाणात दोन फुटांचा सरळ लांब दगड सहज मिळत नाही, आणि मिळालाच तर तो पायरीला नाहीतर पाट्याला जातो. पर्याय आहेत. भिंतीच्या जाडीच्या पाऊण लांबीचे दगड एकदा या तोंडाकडून, एकदा त्या तोंडाकडून असे शेजारी-शेजारी घाला, म्हणजे मध्ये ते एकमेकांच्या बाजूनं सरकून अडकतात. जुन्या कुंपणाचे दगडी खांब मिळाले तर सोनंच. काही जण शहाबादी फरशीचे तुकडे घालतात. मला तो उपाय पटत नाही: फरशी पातळ आणि गुळगुळीत, खालच्या दगडाचं टोक लागलं की मधून तडकते, आणि तडकलेली बाहेरून दिसतही नाही.

उभे सांधे आणि बाहेरून ठोकलेल्या चिपा हे दोन दोष पटकन ओळखता येतात. दोन दगडांच्या सांध्यावर वरच्या थरात दगडाचं पोट यायला हवं. सलग तीन थरांत सांधा एका रेषेत दिसला तर ती जागा कमजोर. आणि डुलणाऱ्या दगडाखाली पाचर आतल्या बाजूनं लावायची, बाहेरून नाही. बाहेरून ठोकलेली पाचर मे महिन्याच्या ४५ अंशांत आणि रात्रीच्या गारव्यात ढिली होत होत एक दिवस भिंतीखाली पडलेली सापडते. भिंतीच्या बुडाशी चिपा पडलेल्या दिसल्या तर वर पाहा.

पाठीमागचं पाणी

पोटात माती नाही, दगड आत गेलेले आहेत, आरपार दगडही आहेत, तरी पडते? मग मागे जाऊन पाहा की भिंत मोकळी उभी आहे की मातीला टेकून.

हा मुद्दा शिबिरांत बहुतेक वेळा निसटतो. शिकवली जाते ती मोकळी, दोन्हीकडून दिसणारी भिंत: तळाशी ३० इंच, माथ्यावर १४ इंच, चार फूट उंच, दोन्ही बाजूंना सहास एक ढाळ, म्हणजे सहा इंच उंचीला एक इंच आत. कुंपणाला हे माप उत्तम. पण विदर्भात अशी भिंत कुंपण म्हणून फार थोडे लोक बांधतात. धुऱ्याची माती नाल्यात जाऊ नये म्हणून, संत्र्याच्या बागेची पातळी राखायला, घरामागचा उतार अडवायला बांधतात. म्हणजे शिकायचं कुंपण आणि बांधायचा मातीचा आधार.

साधा हिशेब करू. वर दिलेल्या मापाच्या भिंतीचं वजन, पोकळ्या एक चतुर्थांश धरून, एका फुटाच्या लांबीला साधारण ४४० किलो भरतं. मागे चार फूट पाणी पूर्ण अडलं तर त्याच एका फुटाला नुसत्या पाण्याचा आडवा रेटा होतो सव्वादोनशे किलोंच्या आसपास. त्यात ओल्या मातीचा रेटा वेगळा. दगडावर दगड घासून जो विरोध होतो तो वजनाच्या निम्म्याहून थोडा जास्त धरला, तरी हिशेब काठावर येतो. आणि पाण्याचा दाब तळाकडे वाढत जातो, त्याचा एकवटलेला रेटा खालून एक-तृतीयांश उंचीवर येतो. पोट मधोमध न सुटता जरा खालीच का सुटतं, ते इथं कळतं.

गंमत अशी की कोरड्या भिंतीचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे तिच्यातून पाणी जातं. तो गुण जपला तर हा रेटा तयारच होत नाही. उतरवताना मागची माती थेट दगडांना भिडलेली दिसली, सांधे चिकण गाळानं भरलेले दिसले, तर तो गुण गेला आहे. दुरुस्तीत मागे किमान फूटभर रुंदीचा गिट्टीचा पट्टा हवा, ४० मिलिमीटरची गिट्टी तळापासून माथ्याच्या जरा खालपर्यंत. गिट्टी आणि माती यांच्यामध्ये पाणी जाऊ देणारं जिओटेक्स्टाइल कापड घातलं तर गाळ आत येत नाही. ते नसेल तर गिट्टीच्या मागे जाड वाळूचा थर. प्लास्टिकची ताडपत्री घालू नका. ती पाणी अडवते, म्हणजे पुन्हा मूळ पदावर.

मातीला टेकणाऱ्या भिंतीची मागची बाजू जवळपास सरळ, ढाळ फक्त पुढच्या तोंडाला, आणि माथ्याची जाडी १४ इंच पुरत नाही. चार फुटांना २० ते २२ इंच ठेवा. वरच्या वावरातून येणारं पाणी भिंतीच्या डोक्यावरून पडत असेल तर एक उथळ चर काढून ते बाजूला वळवा. दोन तासांचं काम आहे आणि कित्येक भिंती एवढ्यावर वाचतात.

नाल्यातल्या अनघड दगडी बांधाशी याची गल्लत नको. तो पाण्याच्या वाटेत आडवा असतो, पाण्याचा वेग मारणं आणि गाळ धरणं हेच त्याचं काम. त्याच्यामागे गाळ साचला तर ते यश.

खालची काळी माती

भिंतीचा माथा लाटेसारखा वर-खाली झालेला असेल, किंवा पूर्ण भिंत एका अंगाला कलली असेल, तर पायाकडे पाहा. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. तिच्यावर थेट ठेवलेले पायाचे दगड दरवर्षी वर-खाली होतात, आणि सारखे होत नाहीत. कडेला पाणी आधी पोचतं, मध्ये उशिरा.

माती किती फुगणारी आहे ते घरीही पाहता येतं. भारतीय मानक २७२० च्या ४० व्या भागात त्याची चाचणी आहे: ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली सुकी माती १०-१० ग्रॅम, एक नमुना पाण्यात आणि दुसरा रॉकेलमध्ये, १०० मिलिलिटरच्या नळकांड्यांत, चोवीस तास. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. दोन्हींतल्या फरकाला रॉकेलमधल्या घनफळानं भागलं की फुगण्याची टक्केवारी मिळते. आपल्याला प्रयोगशाळेचा आकडा नको. दोन सारखे काचेचे ग्लास, बारीक चाळलेली माती आणि स्केल पुरे. पाण्यातली माती रॉकेलमधल्या मातीच्या दीडपटीच्या वर गेली तर तिच्यावर भिंत ठेवू नका.

मग काय करायचं? मुरूम लागेपर्यंत खणा. उतारावर, टेकाडाच्या बाजूला तो बहुतेक वेळा दोन-तीन फुटांत लागतो आणि प्रश्न मिटतो. सखल जागी काळी माती खोल असते. तिथं दोन-अडीच फूट माती काढून टाका, भिंतीच्या तळापेक्षा दोन्हीकडे अर्धा-अर्धा फूट रुंद चर घ्या आणि मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत पाणी शिंपडून धुमसानं कुटत भरा. सगळे थर एकदम भरून वरून कुटू नका, खालचे ढिलेच राहतील.

मे टाळायचा तो यासाठीच. मे महिन्यात काळी माती सगळ्यात जास्त आकसलेली असते, भेगांत वीतभर काठी जाते. तेव्हा पाया बसवला तर जमीन आपल्या सगळ्यात खालच्या पातळीला असते, आणि तिथून पुढे ती फक्त वरच येणार. थंडीत ओल मध्यम असते.

इथं कोणीतरी जुनापाणीचा दाखला देतंच. काटोल रोडवरची ती महापाषाणकालीन शिळावर्तुळं, १८७९ मध्ये रिव्हेट-कार्नॅक या ब्रिटिश अधिकाऱ्यानं खणून पाहिलेली, बिनसिमेंटची असून इतकी शतकं कशी टिकली? पाहण्यासारखी जागा आहे, जरूर जा. पण तिथं एकावर एक रचलेलं काही नाही. मोठमोठ्या धोंड्यांचं एकेरी कडं आहे, आत भराव. धोंडा चार बोटं वर-खाली झाला तरी त्याच्यावर कोणी बसलेलं नाही. कोकणातल्या गडग्याचं, म्हणजे तिथल्या कोरड्या दगडी कुंपणाचं उदाहरणही असंच अर्धवट लागू पडतं: तिथं पाऊस आपल्या दुपटीहून जास्त, पण पायाखाली जांभा असतो, काळी माती नाही.

सिमेंट मारू का?

नको. दोनदा पडलेल्या भिंतीला तिसऱ्यांदा सिमेंटचं पॉइंटिंग करतात, म्हणजे पाणी बाहेर यायचे सगळे सांधे बंद. त्यानंतर ती फुगत नाही, हे खरं. मागे पाणी भरलं की अख्खी पट्टी एकदम आडवी होते. सिमेंट वापरायचंच असेल तर पूर्ण भिंत सिमेंटात बांधा, खाली रीतसर पाया द्या, पाणी जायला नळ्या ठेवा. अर्धं इकडचं, अर्धं तिकडचं नको.

पुन्हा रचताना

दोन्ही टोकांना ढाळाच्या मापाचे लाकडी फर्मे उभे करा आणि दोन्ही तोंडांना दोरी ताणा. दोरी थरागणिक वर सरकवत जायचं. पायात सगळ्यात मोठे दगड, लांबी आत. त्यानंतर प्रत्येक थराला क्रम एकच: दोन्ही तोंडं, मग मधला भरणा, मग वरचा थर. भरणा पूर्ण होईपर्यंत वर जायचं नाही. चीप हातानं बसवायची, तोंडाच्या दगडाच्या शेपटीखाली आधी, मग मधल्या पोकळीत. घमेल्यानं ओतलेला भरणा भरल्यासारखा फक्त दिसतो. दगड बसवल्यावर त्याच्या कोपऱ्यांवर बोटानं दाबून पाहा. डुलला तर वर दुसरा ठेवून तो दाबला जाईल या आशेवर सोडू नका. माथ्याला जड टोपीचे दगड एकमेकांना घट्ट भिडवून उभे लावा. शेळी चढली तरी हलता कामा नयेत, आणि शेळी चढणारच.

शिबिरात हे कसं दाखवावं

थंडीत नागपूरच्या आजूबाजूला अशी शिबिरं हल्ली होतात, कधी कृषी प्रदर्शनात, कधी कोणाच्या फार्मवर. कोरड्या रचाईच्या कलेला युनेस्कोनं २०१८ मध्ये आठ युरोपीय देशांच्या नावे अमूर्त वारसा यादीत घेतलं, २०२४ मध्ये आणखी पाच देश त्यात आले. त्यानंतर शहरातल्या वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांचाही ओढा वाढलेला दिसतो. चांगलंच आहे. पण प्रात्यक्षिकाची नेहमीची पद्धत पाहा: सपाट, कोरडी जागा, निवडून आणलेला दगड, सहा-आठ फुटांची मोकळी भिंत, संध्याकाळी तिच्यासमोर फोटो. लोकांना दिसतं फक्त तोंड. घरी जाऊन ते तोंडच बांधतात.

ब्रिटनमध्ये १९६८ साली स्थापन झालेली या कामाची संघटना आहे. तिच्या कौशल्य परीक्षेत उमेदवाराला उभ्या भिंतीचा ठरावीक भाग आधी उतरवावा लागतो आणि ठरलेल्या वेळात पुन्हा रचावा लागतो. हे आपल्याकडे उचलण्यासारखं आहे. शिबिराची पहिली सकाळ एखादी पोट सुटलेली जुनी भिंत उतरवण्यात घालवा. ज्येष्ठ वडार कारागीर सोबत असतील तर त्यांना विचारा, "काका, हिचं काय बिघडलं?" ते बोलण्याआधी दोन दगड उचलून मागे पाहतात. ती सवय शिकणाऱ्यांना लागली पाहिजे.

प्रात्यक्षिकाच्या भिंतीचं एक टोक मुद्दाम उघडं सोडा, म्हणजे दोन तोंडं, भरणा, आरपार दगड सगळं कापल्यासारखं दिसतं. शक्य असेल तर दोन-तीन फुटांचे दोन तुकडे शेजारी उभारा: एकात चिपा, दुसऱ्यात मुरूम, आणि दोन्हींवर टँकरचा पाइप सोडा. मुरमाच्या तुकड्यातून येणारं लालसर पाणी पाहिल्यावर वेगळं भाषण लागत नाही. समोरासमोरच्या जोड्यांवरही लक्ष ठेवा. एका बाजूचा गडी वेगानं वर जातो, दुसऱ्या बाजूचा मागे राहतो, आणि मधला भरणा कोणाचाच नसतो. दर थराला बाजू बदलायला लावली की हे आपोआप सुटतं.

दगड किती मागवायचा?

दुरुस्तीत हमखास कमी पडतो, कारण पूर्वी मातीनं व्यापलेली जागा आता दगडानं भरायची असते. मोकळी चार फुटी भिंत नव्यानं बांधायची तर दहा फुटांना साधारण एक ब्रास, म्हणजे शंभर घनफूट डबर धरा. मातीला टेकणारी, जाड माथ्याची असेल तर सव्वा ब्रास. दुरुस्तीसाठी बाजूला काढलेल्या मातीचा ढीग मोजा, तेवढ्याच घनफळाचा जादा दगड लागेल. त्यातला निम्मा चिपांच्या मापाचा मागवा, मोठाच दगड आणून फोडत बसू नका. खाणवाल्याला "भरायला हातात मावेल असा, चुरी नको" एवढं सांगितलं की तो बरोबर देतो. आणि ट्रॉली रिकामी व्हायच्या आधी एकदा वर चढून पाहा, कारण खाली चुरी आणि वर दगड असा माल येतो.